पॉलच्या गाडीसाठी शेगडी

सॅगिनॉ, ८ डिसेंबर १९८५

स्वस्ति श्री. हिमराशिविदारक, लवणप्रक्षेपणधुरंधर, कॅल्युमेट परिसरातील समस्त राजमार्गांचे सत्तावीस वर्षे निःसंशय अधिपती, सरोवरतीरस्थ मौनव्रतींचे कुलगुरू, दूरध्वनीवर केवळ श्वासोच्छ्वास करणाऱ्यांचे आद्य आचार्य, आमच्या ज्येष्ठ भगिनीचे पाणिग्रहणकर्ते ओन्नीदाजी रुओनावारा यांच्या सेवेशी, सॅगिनॉ येथील फिनिश लुथरन मंडळीच्या कॉफीपात्राचा तहहयात संरक्षक आणि चर्चच्या गायनवृंदातील एकमेव अनावश्यक मंद्रस्वर, अर्विद केस्कितालो, याचे सविनय अभिवादन.

उपाधींचा हा डोलारा कशासाठी, ते तुम्ही ओळखलेच असेल. आत शिरण्याचे धैर्य होत नाही, तेव्हा माणूस पायऱ्या लांबवतो.

लेम्पीताईचा काल फोन आला. तुमच्या मुलाला, माझ्या भाच्याला, पॉलला मातीत ठेवून तीन आठवडे होत आले. ती म्हणाली, ‘जेवण झालं की हा गॅरेजमध्ये जातो आणि पॉलच्या गाडीत बसतो. आणि अर्विद, इंजिनाचा आवाज येतो.’ मी विचारले, ‘गॅरेजचं दार उघडं असतं ना?’ ती म्हणाली, ‘मी बघायला जात नाही.’

ती दहा-बारा हिवाळे पाहिलेली निळी पिकअप तशीच का ठेवायची, हे मी विचारणार नाही. डेट्रॉइटहून दिवसभर ती चालवत तो हरणांच्या शिकारीसाठी आला, संध्याकाळी स्वतःच्या हाताने ती आत लावली, आणि दुसऱ्या सकाळी तुमच्याबरोबर रानातल्या खोपीवर पायी गेला. तेथे कॉफी ओतता ओतता एकतिसाव्या वर्षी त्याचे हृदय थांबले. आसन त्याने ज्या खाचेवर सरकवले होते, त्याच खाचेवर ते आजही असणार.

परंतु दाजी, बंद गॅरेजात इंजिनाच्या उबेला बसू नये. त्या धुराला वास थोडा असतो आणि दया मुळीच नसते. तुम्हाला तेथे बसायचेच आहे, तर अग्नीची यथाशास्त्र प्रतिष्ठापना करा. एक रिकामे पोलादी पिंप आडवे ठेवून, त्याला पाय व दार बसवून त्याची शेगडी करावी. धुराडे भिंतीबाहेर न्यावे. पेट्रोलचे डबे अंगणात हलवावेत. लाकूड बर्चचे, वाळलेले. आणि पिंपावर पाण्याचे भांडे सदैव भरलेले असावे, कारण कोरड्या उष्णतेने रबर तडकते, आसन फाटते आणि माणसाचा घसा खरवडतो. तुमची छाती गेल्या वर्षीच न्यूमोनियातून उठली आहे. आपण फिनिश लोक. आपल्या आया सौनाच्या तापल्या खोलीत बाळंत झाल्या, आपली दुखणी सौनाच्या वाफेत गेली. ओल्या उबेने एका गाडीचे अहित ते काय होणार?

उत्तर पाठवा. श्वास पाठवू नका, तो मी फोनवर ऐकतोच.

आपला,
अर्विद


कॅल्युमेट, १५ डिसेंबर

अर्विद,

तुझं पत्र लेम्पीने मोठ्याने वाचायला घेतलं. कुलगुरूपर्यंत आली आणि म्हणाली, ‘पुढचं तूच वाच.’

इंजिन लावतो ते खरं. दार वीतभर उघडं असतं. बहुतेक वेळा.

रस्तेखात्याच्या आवारातून पिंप आणलं. मी निवृत्त झालो तरी तिथली पोरं अजून मला पिंप नेऊ देतात. पाय जोडले, धुराडं खिडकीतून काढलं. कालपासून पेटवतोय. भांडंही ठेवलंय.

गाडीला हात लावलेला नाही. धुतली पण नाही. डेट्रॉइटपासूनचा रस्ता आहे तिच्यावर, तो राहू दे.

लेम्पी म्हणते विकून टाक. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, ‘मग मी त्या दाराच्या आत पाऊल टाकणार नाही.’ मी म्हटलं, ‘बरं.’ ह्या महिन्यात आमचं एवढंच बोलणं झालं. जेवणाच्या वेळी ती पायरीवर ताट ठेवते आणि दारावर एकदा ठोकते. काल पेस्टी होती. आत सलगम जास्त, मांस कमी. रागावली की तिचा हात सलगमाकडे जातो.

ओन्नी


सॅगिनॉ, २८ डिसेंबर

अग्निहोत्री ओन्नीदाजी यांस,

शेगडी प्रज्वलित झाल्याचे वृत्त वाचून मी एकट्यानेच उभे राहून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाई खिडकीत आल्या. त्यांना वाटले, नाताळचे काही असेल.

सोबत एनॅमलचे पांढरे घमेले पाठवत आहे. तुम्ही ठेवलेले भांडे बहुधा कुत्र्याचे असणार, असा माझा तर्क आहे. घमेले रुंद आहे, त्यामुळे वाफ अधिक उठेल. दुकानातल्या मुलाने विचारले, ‘बाळाच्या आंघोळीला का?’ मी म्हटले, ‘नाही, पिकअपच्या.’ त्याने मुकाट्याने बांधून दिले.

विनोद येथे संपवतो. मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे आणि ते एका शब्दात चालेल. ‘बहुतेक वेळा’ या तुमच्या दोन शब्दांनी माझी नाताळची रात्र खाल्ली. इंजिन बंद झाले की नाही?

आणि ताई सलगमावरून कुठवर आली आहे, तेही कळवा.

अर्विद


कॅल्युमेट, ११ जानेवारी १९८६

अर्विद,

बंद.

शेगडी आहे तोवर त्याची गरज नाही. शेगडी नसती तर सांगता येत नाही. तू एक शब्द मागितलास, हे वरचे फुकट.

घमेलं चांगलं आहे. सकाळी भरलं की संध्याकाळी अर्धं होतं. काचांवरून पाणी ओघळतं. मी आत बसलेला बाहेरून दिसत नाही म्हणून शेजारचा हेइनोनेन दोनदा दार ठोकून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, ‘जिवंत आहेस का ते बघत होतो.’ मी म्हटलं, ‘अजून.’ म्हणाला, ‘बरं, मग जातो.’

लेम्पी अजून सलगमावरच.

ओन्नी


सॅगिनॉ, १९ जानेवारी

प्रिय दाजी,

‘बंद’ हा शब्द मी कॉफीपात्राच्या कपाटावर चिकटवून ठेवला आहे. मंडळीतल्या स्त्रियांनी त्याचा विपरीत अर्थ घेतला आणि रविवारी कॉफी झालीच नाही.

काल आमच्या गल्लीतला गाड्या दुरुस्त करणारा वोझ्निअक याच्याशी सहज बोलणे झाले. विषय सर्वसामान्य होता. त्यानंतर माझ्या मनात काही निरुपद्रवी जिज्ञासा उत्पन्न झाल्या. पॉलच्या गाडीचा अधोभाग कसा आहे? म्हणजे खालची बाजू. तेथे काही रंगपालट, काही पापुद्रे, तत्सम काही? मडगार्डाच्या आतून बोट फिरवून पाहिलेत का? पाहिले नसेल, तर पाहाच असा आग्रह नाही. पाहिले असेल, तर विसरून जा असेही मी म्हणत नाही.

घमेले रोज भरलेच पाहिजे असे शास्त्र नाही. एखादा दिवस चुकला तरी चालेल. शेगडी मात्र चालू ठेवा. म्हणजे मध्यम ठेवा. नाही, तुम्हाला ऊब पुरेल इतकी ठेवा.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहीत आहे आणि ते पहिल्या दोहोंपेक्षा वाईट झाले आहे.

अर्विद


कॅल्युमेट, ३ फेब्रुवारी

अर्विद,

तुला ताप होता का? खालची बाजू खाली आहे.

इथे मोठं वादळ झालं. दोन दिवस बर्फ थांबला नाही, विजेचे खांब आडवे झाले. वीज नाही म्हणून घरातली तेलाची भट्टी बंद. सौनाचं धुराडं छपरावरच्या बर्फाने वाकलेलं, तीही पेटवता येईना. घर इतकं गार की नळातलं पाणी दातांना लागायचं.

दुपारी लेम्पी कोटावर घोंगडी पांघरून गॅरेजच्या छोट्या दारात उभी राहिली.

‘वीज कधी येणार?’

‘काय माहीत.’

‘मग मी बसू कुठे?’

बसायला जागा एकच. मी गाडीचं दार उघडलं. पॉलच्या बाजूचं नाही, दुसरं. ती बसली. मी सुकाणूच्या बाजूला. बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसलो, जसा काही रस्ता आहे. मग तिने पुढचा कप्पा उघडला.

‘ह्यात बिस्किटांचा अर्धा पुडा आहे.’

‘आहे.’

‘तू खाल्ला नाहीस?’

‘नाही.’

‘आणि उंदरांनी?’

‘त्यांनाही सांगून ठेवलंय.’

ती उतरली, पिंपाजवळ गेली, हात शेकले. आणि अर्विद, तिने तुझ्या घमेल्यातून ओंजळभर पाणी घेतलं आणि पिंपावर फेकलं. सौनात तापल्या दगडांवर फेकतो तसं. ठरवून नाही. हाताला सवय असते. चर्र झालं आणि सगळं गॅरेज वाफेने भरलं. सौनात उघड्याने बसतो तसल्या त्या वाफेत आम्ही दोघं कोट, टोप्या, बूट घालून उभे.

ती म्हणाली, ‘ओन्नी, आपण कपड्यांत आहोत.’

आणि हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मग ते हसणं बदललं, आणि ती गाडीच्या दाराला धरून रडली. मीही रडलो. तुला लिहितोय, कारण तू सात तासांवर आहेस.

वीज संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी घर गरम होतं, तरी ती कॉफी घेऊन आली. आता रोज येते. गाडीत बसून विणते, पॉलचं बोलते. मला माहीत नसलेलं पुष्कळ तिला माहीत आहे. उठताना एक ओंजळ पिंपावर फेकते.

घमेलं एखादा दिवस चुकवायचं म्हणालास. ते आता तिच्या हातात आहे. तूच सांगून बघ.

ओन्नी


सॅगिनॉ, १० फेब्रुवारी

दाजी,

आज उपाधी नाहीत.

तुमचे पत्र वाचून मी आधी आनंदलो आणि मग टेबलाशी बसून राहिलो. जे तीन आठवडे दडवले, ते आता दडवता येत नाही. वोझ्निअकने मला सांगितले, ते असे. हिवाळ्यात रस्त्यावरचे मीठ गाडीच्या सांध्यांत भरते. गाडी बाहेर गोठलेली असली, तर ते मीठ निजून राहते. तिला उबेत आणले की ते जागे होते. उबेबरोबर ओल मिळाली, तर ते पोलाद खाऊ लागते, रात्रंदिवस. न धुतलेली गाडी, तापवलेले गॅरेज आणि वर पाण्याचे भांडे, याहून वाईट योग नाही, असे तो म्हणाला. मी त्याला म्हटले, एका परिचिताने असे केले आहे. तो म्हणाला, ‘त्या परिचिताला कुणी शहाणा माणूस भेटला नाही का?’

तो शहाणा माणूस मी होतो. शेगडी मी सांगितली, घमेले मी पाठवले, ओल्या उबेची थोरवी मीच गायली. तुम्हाला जे जसेच्या तसे ठेवायचे होते, त्याला मी माझ्या हाताने वाळवी लावली.

कळल्यावरही बोललो नाही, कारण माझ्यासमोर तुमचे वाक्य होते: शेगडी नसती तर सांगता येत नाही. गाडी आणि तुम्ही, यांत मी तुम्हाला निवडले, आणि निवड करताना तुम्हाला विचारले नाही. त्या निवडीबद्दल मी क्षमा मागत नाही. न विचारल्याबद्दल मागतो.

अजूनही उपाय आहेत. कोमट पाण्याने खालची बाजू धुऊन काढली तर उरले ते वाचेल. धुणे तुमच्याने होणार नसेल, तर मी येतो, तुम्ही घरात बसा. तेही नको असेल, तर शेगडी विझवा आणि गाडी गारठू द्या. मग दोघे घरात बसा. पण असे केलेत तर किल्ली ताईकडे द्या. आज, पत्र खाली ठेवण्याआधी.

अर्विद


कॅल्युमेट, २ मार्च

अर्विद,

लिहायला उशीर केला. बसलो की उठायचो.

मला माहीत होतं.

सत्तावीस वर्षं ते मीठ मीच टाकलंय. खात्याच्या गाड्या कशाने गळायच्या, असं तुला वाटतं? थंड शेडातल्या टिकायच्या. तापवलेल्या शेडातल्या काही हिवाळ्यांत चाळणी व्हायच्या, आणि आम्ही साहेबाला सांगायचो तर तो म्हणायचा, पोरांना गार लागतं. तुझं डिसेंबरचं पत्र वाचलं तेव्हाच कळलं. भांड्याचं वाचून तर वाटलं, मुद्दाम करतोयस की काय.

तरी पेटवली, कारण तू इंजिनाचं लिहिलं होतंस आणि लेम्पीने घरातून ते इंजिन ऐकलं होतं. म्हटलं, थोडे दिवस पेटवू, तिची काळजी मिटली की विझवू. जानेवारीत एकदा विझवलीही. दोन दिवसांनी पुन्हा पेटवली.

दुसऱ्यांदा विझवली ती वादळाच्या सकाळी. मडगार्डाच्या कडेचा तुकडा हातात आला होता. मी ठरवलं, आता गाडी वाचवायची. शेगडी गार झाली, मी गाडीत बसलो, आणि मग फार गार झालं. किल्ली लावली. मोठ्या दाराबाहेर छातीभर बर्फ होता, ते उघडणारच नव्हतं. फिरवली का, का फिरवणार होतो, ते मी तुला लिहीत नाही.

लेम्पी दारात आली ती तेव्हा. मागच्या पत्रात मी लिहिलं, तिने आधी विजेचं विचारलं. नाही. आधी तिने किल्लीकडे बघितलं. मग विजेचं विचारलं. मग म्हणाली, बसू कुठे. शेगडी विझलेली आहे हे तिला दिसत होतं.

मी उतरलो आणि शेगडी पेटवली. काड्या मोडत होत्या. ती तेवढा वेळ घोंगडी धरून उभी होती. पेटल्यावरच गाडीत बसली. बसता बसता किल्ली काढून कोटाच्या खिशात टाकली. तू आता सांगतोयस.

तेव्हा निवड करणारा तू एकटा नाहीस. मलाही तुझी क्षमा नको आहे, आणि तुझं धुणंही नको.

गेल्या आठवड्यात मागच्या चाकावरची, भार पेलणारी पाट्यांची कमान तुटली आणि गाडी धप्पकन एका बाजूला बसली. लेम्पी आत होती. म्हणाली, ‘ओन्नी, मी जाड झाले.’ मी जॅक लावून चाकं काढली आणि गाडी ठोकळ्यांवर बसवली. लेम्पीच्या पायाखालचा पत्रा गेलाय, तिथे पाइनची फळी टाकलीय. ती गाडी आता कुठे जाणार नाही. विकायचं लेम्पीनेच सोडून दिलं. म्हणाली, विकत घेणार कोण?

मी खूप दिवस समजत होतो की गाडी जशी होती तशी राहिली पाहिजे. काल तिच्यात बसून आम्ही पॉलच्या लहानपणच्या एका गोष्टीवरून भांडलो. तो बर्फात हरवला ते वर्ष कोणतं, ह्यावर. मोठ्याने भांडलो. हेइनोनेन पुन्हा दार ठोकायला आला.

ईस्टरला ये. मधली जागा रिकामी आहे.

ओन्नी


सॅगिनॉ, ९ एप्रिल

गंजलक्ष्मीच्या मंदिराचे पूजक ओन्नीदाजी आणि बाष्पाधिकारिणी लेम्पीताई यांस,

सुखरूप पोहोचलो. वाटेत मॅकिनॉच्या पुलावर वारा इतका होता, की गाड्या पाळीपाळीने सोडत होते. तेवढ्या वेळात मी तुम्हा दोघांचा विचार केला, आणि त्या विचारात एकही विशेषण सुचले नाही. माझ्या बाबतीत ही गंभीर गोष्ट आहे.

तुमच्यामध्ये बसलो तो पहिला तास मी बोललो नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. तुम्ही त्याबद्दल काही म्हटले नाहीत, याचे ऋण मानतो. मी समोरच्या काचेकडे पाहत होतो. तिच्यावरून पाणी ओघळत होते, आणि पॉल जिवंत असताना याच काचेतून त्याने शेवटचा रस्ता पाहिला, एवढेच मनात येत होते. मग ताई म्हणाली, ‘अर्विद, कोपर आवर,’ आणि मला श्वास घेता आला.

फळीच्या कडेला जमिनीवर तांबडे पापुद्रे दिसत होते. दाजी ते रोज सकाळी झाडतात, ते मी पाहिले. ते कुठे नेऊन टाकतात, हे मी विचारले नाही, आणि विचारणारही नाही. दाजी वाळले आहेत, पण खातात. पेस्टीत मांस पुष्कळ होते. हा अहवाल मी माझ्या समाधानासाठी लिहून ठेवत आहे.

वोझ्निअकला सांगितले, की परिचिताची गाडी गेली. त्याने विचारले, ‘आणि परिचित?’ मी म्हटले, ‘आहे.’ तो म्हणाला, ‘मग ठीक,’ आणि पुन्हा कुणाच्या तरी इंजिनात वाकला.

आता एक तक्रार. मधल्या आसनाच्या बरोबर मध्यभागी एक तुटलेली स्प्रिंग आहे. ती माझ्या देहाच्या अशा प्रदेशात रुतते, ज्याचे संस्कृत नाव मला येते, पण ताई हे पत्र मोठ्याने वाचेल म्हणून लिहीत नाही. मी जागा बदलून मागितली. ताई म्हणाली, ‘तू पाहुणा, पाहुण्याने मधे बसायचं.’ दाजी म्हणाले, ‘सरक.’ डावीकडे सरकलो तर गिअरचा दांडा, उजवीकडे सरकलो तर ताईच्या विणायच्या सुया. उशी ठेवून पाहिली, ती घसरते. घोंगडीची घडी ठेवली, तर डोके छताला लागते. मी जूनमध्ये पुन्हा येणार आहे आणि तीन दिवस राहणार आहे. तेव्हा त्या स्प्रिंगचे नेमके काय करायचे ठरले आहे, हे दोघांपैकी कुणीतरी कृपया स्पष्ट शब्दांत कळवावे. दाजींनी ‘बघतो’ असे लिहू नये.

आपला,
अर्विद